सासऱ्यांना कानाचं मशीन: शिबिरातलं मोफत घ्यायचं की दुकानातलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासरे ७१ वर्षांचे, हडपसरला तुमच्याकडेच राहतात. भोसरीच्या एका कंपनीतून निवृत्त, पेन्शन महिना तीन हजारांच्या आत. दोनेक वर्षांपासून टीव्हीचा आवाज वाढत चाललाय, फोनवर "काय? काय?" चालू असतं, आणि 'ऐकू येतं गं, पण कळत नाही' असं ते स्वतःच म्हणतात. एका दुकानात फुकट तपासणी झाली. तिथे दोन्ही कानांच्या मशीनचे १ लाख ६० हजार सांगितले, वर 'आज बुक केलंत तर चाळीस टक्के सूट'. शेजारच्या काकांना शिबिरात मोफत मशीन मिळालं होतं, ते कपाटात पडून आहे. आणि मामेसासरे म्हणतात, ऑनलाइन दोन हजारांत मिळतं, कशाला एवढा खटाटोप. तर तपासणी कुठे करायची, मोफत घ्यायचं की विकत, आणि ऑनलाइनचं चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. सुरुवातीची वर्षं सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत काढली, आता पुण्यातच स्वतःचा दवाखाना आहे. मी मशीनं विकतेसुद्धा, म्हणजे या विषयात माझे हितसंबंध आहेत. ते ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

मोफत की विकत हे ठरवायच्या आधी सासऱ्यांचं ऐकणं नेमकं कुठे कमी झालंय ते कळायला हवं. ते तपासणीच्या कागदावर दिसतं, आणि तुम्ही लिहिलंय की दुकानाने तो कागद दिलाच नाही, 'मशीन घेताना देऊ' म्हणाले. एवढ्यावरूनच तिथे परत जाऊ नका असं मी सांगेन. तपासणी तुमच्या सासऱ्यांची आहे, तिचा कागद त्यांना मिळालाच पाहिजे.

पहिली पायरी कान-नाक-घशाचे डॉक्टर, म्हणजे ईएनटी. कानात मळ घट्ट बसलेला असतो, पावसाळ्यात बुरशी धरलेली असते, पडद्याला जुनं भोक असतं. मळ काढल्यावर 'अरे, ऐकू यायला लागलं की' म्हणत मशीन न घेताच घरी गेलेले आजोबा मी पाहिलेत. कान वाहत असेल तर आधी तो कोरडा करावा लागतो. ओल्या कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, बसवला तर कानही बिघडतो आणि मशीनही. आणखी एक सांगून ठेवते, हे तुमच्या सासऱ्यांना लागू नाही पण कुणाला तरी उपयोगी पडेल: एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर तपासणीची अपॉइंटमेंट बघत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. महिनाभराने आलेल्या माणसाला आम्ही फारसं काही देऊ शकत नाही.

आता तपासणी. तिला पीटीए म्हणतात, प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाज आत येऊ न देणाऱ्या केबिनमध्ये बसवून कानाला हेडफोन लावतात, एका हातात बटण देतात आणि २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर बारीक बारीक करत ऐकवतात. 'अगदी पुसट आला तरी बटण दाबायचं' असं सांगावं लागतं. कारण आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी, विशेषतः पुरुष, नक्की खात्री झाल्याशिवाय दाबत नाहीत, चूक नको म्हणून. मग ऐकणं आहे त्याहून वाईट दिसतं. जरा सरावलेला तपासनीस हे ओळखतो आणि पुन्हा समजावून तीच तपासणी परत घेतो. दहा मिनिटांत दोन्ही कान उरकले तर एवढं होत नाही.

हेडफोनचं झालं की कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवून तेच सूर परत देतात. हा भाग फुकट तपासणीत हमखास गाळला जातो, आणि नेमका तोच महत्त्वाचा. हाडावाटे चांगलं ऐकू येतंय आणि हवेवाटे कमी, म्हणजे दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पडदा, आतली छोटी हाडं. त्यावर औषध किंवा शस्त्रक्रिया असू शकते, थेट मशीन नव्हे. दोन्हीवाटे सारखंच कमी असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. वयोमानाने होतो तो बहुधा हाच, आणि त्याला मशीन हाच उपाय. याच्या जोडीला इम्पीडन्स नावाची तपासणी करून घ्या. त्यात पडद्यामागची हवा आणि पडद्याची हालचाल कळते, दोन-चार मिनिटांचं काम असतं.

केबिनचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत पंखा चालू, बाहेर रिक्षांचे हॉर्न, अशा ठिकाणी केलेल्या तपासणीत खालचे सूर, म्हणजे २५० आणि ५००, खोटेच वाईट येतात, कारण ते बाहेरच्या घरघरीत बुडून जातात. मग तेवढा आवाज मशीनमध्ये वाढवून दिला जातो आणि आजोबा म्हणतात, "नुसतं घोंघावतंय." त्यांचं बरोबरच असतं.

तिसरी गोष्ट शब्दांची तपासणी. आवाज हवा तेवढा मोठा करून, तोंड झाकून किंवा रेकॉर्डिंगवर, मराठी शब्द ऐकवतात आणि ते परत म्हणायला सांगतात. शंभरातले किती टक्के बरोबर आले ते लिहितात. 'ऐकू येतं पण कळत नाही' म्हणणाऱ्या माणसाची ही तपासणी न करता मशीनची किंमत सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय. हे टक्के ८०-९० असतील तर मशीनने बोलणं छान उलगडतं. ४०-५० असतील तर दोन लाखांचं मशीन लावलं तरी गर्दीतलं बोलणं अर्धवटच कळणार. हे विकत घेण्याआधी घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं, कारण नंतरची निराशा 'मशीन भंगार निघालं' अशी बाहेर पडते.

पुण्यात हे कुठे होतं? ससूनच्या ईएनटी ओपीडीत होतं. खर्च नाममात्र, पण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायची आणि दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवा. औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीकडच्यांना वायसीएम आहे. माझी एक शिफारस लोकांना सहसा सुचत नाही: धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासतात, त्यामुळे वेळ लागतो. पण एकही पायरी गाळली जात नाही, कारण गाळली तर विद्यार्थ्याला ओरडा बसतो. वेळ नसेल तर केईएम किंवा दीनानाथसारख्या मोठ्या रुग्णालयात, किंवा खासगी ऑडिओलॉजिस्टकडे काही शे रुपयांत होईल. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदलेली आहे ना हे विचारा. नोंदणी क्रमांक कागदावर शिक्क्यात असतो. विचारल्यावर कुणी चिडलं तर ते उत्तरच समजा.

आता कागद हातात आला असं धरू. त्यावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या असतील. डावीकडे खालचे, जाडे सूर. उजवीकडे वरचे, बारीक सूर. रेघ जितकी खाली, म्हणजे डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. बहुतेक लोक फक्त एक आकडा विचारतात, 'किती टक्के गेलंय?' मी मात्र रेघेचा आकार बघते, कारण मोफत की विकत याचं उत्तर खरं तर तिथे असतं.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, रेघ उताराची असेल: खालच्या सुरांत २५-३० डेसिबल, म्हणजे जवळजवळ ठीक, आणि ३०००-४००० हर्ट्झला घसरत ६०-७० पर्यंत. कारखान्यात आयुष्य काढलेल्यांच्यात हे फार दिसतं, वय आणि आवाज दोघांनी मिळून केलेलं. स्वर जाड सुरांत असतात, ते ऐकू येतात, म्हणून 'कुणीतरी बोलतंय' हे कळतं. पण स, श, फ, त, क यांची धार बारीक सुरांत असते, ती हरवते. तुम्ही लिहिलंय ना, 'सहा वाजता निघायचंय' म्हटलं तर 'आत्ताच झाला' असं उत्तर आलं? त्यांना 'चहा' ऐकू आला. विसरभोळेपणा नव्हे तो, आणि मुद्दाम केलेलंही नाही. घरातल्यांना एवढं कळलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

अशा उताराच्या कानाला हवं काय, तर फक्त बारीक सूर वाढवून देणारं आणि कानाची वाट मोकळी ठेवणारं मशीन. कानामागे छोटा भाग, तिथून केसासारखी बारीक तार आणि टोकाला भोकं असलेला मऊ घुमट, ज्याला आरआयसी म्हणतात तसं. शिबिरातलं मशीन बहुधा कानामागचं जाडसर बीटीई असतं, नळी आणि कान भरून टाकणाऱ्या बोंडासकट. उताराच्या कानात ते बसवलं की जाडे सूर, जे आधीच ठीक होते, ते कोंडतात. स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो, चावताना कटकट ऐकू येते. चार दिवसांत मशीन कपाटात. तुमच्या शेजारच्या काकांचं काय झालं असेल ते मी न बघता सांगू शकत नाही, पण हे एक कारण असू शकतं.

उलट रेघ सपाट असेल, सगळ्या सुरांत साधारण ५०-६० डेसिबल, किंवा त्याहूनही जास्त दोष, तर मोफत बीटीई उत्तम काम करू शकतं. त्याला ताकद भरपूर असते. अशा माणसाला मी स्वतः सांगते, आधी सरकारी घेऊन बघा, माझ्याकडे फक्त मोल्ड करून घ्या.

योजनांचं बोलू, कारण इथे फार गोंधळ आहे. लोक सगळ्याला 'सरकारी मशीन' म्हणतात, पण वाटा वेगवेगळ्या आहेत.

केंद्राची एडीआयपी योजना दिव्यांगांसाठी आहे. तिला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ससून किंवा औंधसारखं रुग्णालय निवडायचं, तिथे तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. मेख इथे आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारे' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असलेले. दोन्ही कानांत. टक्के काढतानाही चांगल्या कानाला पाचपट वजन देतात. म्हणजे एक कान पूर्ण गेलाय आणि दुसरा बरा आहे, अशा माणसाला ४० टक्के मिळत नाहीत, कितीही रांगा लावल्या तरी. तुमच्या सासऱ्यांची सरासरी माझ्या अंदाजाने ६० च्या अलीकडे असेल. तसं असेल तर या वाटेला जाऊन महिने घालवू नका. आणि 'पैसे दिले की टक्के वाढवून मिळतात' असं सांगणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. संशय आला तर बेरा नावाची तपासणी करतात, त्यात बटण नसतं. मेंदूकडे जाणारे संदेश मशीन स्वतः मोजतं.

राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी आहे, आणि तुमच्यासाठी तीच. २०१७ साली सुरू झाली, ६० च्या पुढच्यांसाठी. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असल्याचा दाखला लागतो, दिव्यांग प्रमाणपत्राची गरज नाही. काठी, वॉकर, चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन यात येतं. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी शिबिरं घेते. आधी मोजमापाचं शिबिर होतं आणि वाटपाचं नंतर, मध्ये काही महिने जाऊ शकतात. शिबिर कधी आहे हे समाजकल्याण कार्यालयात किंवा नगरसेवक-आमदारांच्या कार्यालयात कळतं. आधार कार्ड, फोटो आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. दाखल्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. ६५ पूर्ण आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात येतात, अशाच साधनांसाठी. इथे 'कौटुंबिक' हा शब्द आहे, त्यामुळे तुमच्या घरच्या पगारांवर ठरेल. चौकशी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात करा. तीन हजारांत चांगलं मशीन येत नाही. पण मोफत मशीनला लागणारा मोल्ड आणि वर्षभराचे सेल येतात. मी त्या पैशांचा तसाच वापर करायला सांगते.

आणि घरात कुणी माजी सैनिक असेल तर ईसीएचएस, केंद्र सरकारचे निवृत्त असतील तर सीजीएचएस या आरोग्य योजनांतून मशीनच्या खर्चाची ठरावीक रक्कम मिळते. पुण्यात असे लोक कमी नाहीत, आणि कित्येकांना हे बिल भरून झाल्यावर कळतं. आधी परवानगी, मग खरेदी, हा क्रम असतो.

मोफत मशीन मिळालं तर ते चालवायचं कसं? वाटपाच्या मंडपात शेकडो माणसं असतात. तिथे प्रत्येकाच्या कागदाप्रमाणे मशीन लावून देणं कितीही मनात असलं तरी जमत नाही. चष्म्यासारखं ते नसतं, की नंबराची काच बसवली आणि झालं. मशीन घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा, सोबत कागद न्या. कानात गुलाबी लगदा भरून माप घेतात आणि त्यावरून त्यांच्या कानाचा मोल्ड बनतो, साधारण आठवड्यात. बोंड बसत नाही म्हणून वाजणारी शिट्टी मोल्डने बहुतेक वेळा थांबते. गरज वाटली तर मोल्डला भोक पाडतात, त्याने घुमणं कमी होतं. मग मशीनची सेटिंग कागदाप्रमाणे जुळवून घ्यायची. 'दुसरीकडचं मशीन आम्ही हात लावत नाही' म्हणणारे भेटतील. रीतसर फी घेऊन करून देणारेही आहेत, फोनवर आधीच विचारा.

काकांचं ते कपाटातलं मशीनही एकदा बाहेर काढा. बऱ्याचदा सेलवरचा स्टिकरच काढलेला नसतो! हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढून मिनिटभर उघडा ठेवायचा आणि मग बसवायचा. एकदा काढला की सेल खर्ची पडायला लागला, परत चिकटवून काही उपयोग नाही. स्टिकरच्या रंगावरून माप कळतं: ६७५ निळा, १३ नारिंगी, ३१२ तपकिरी, १० पिवळा.

आता विकतचं. एका कानाचं साधं पण कागदाप्रमाणे प्रोग्रॅम होणारं मशीन साधारण पंधरा-वीस हजारांपासून मिळतं, आणि वर लाखाच्या पुढेही जातं. फोनॅक, सिग्निया, ओटिकॉन, रीसाउंड, वायडेक्स, स्टार्की ही नावं तुम्ही ऐकाल. सगळीच चांगली आहेत आणि यातल्या कुठल्याही एकासाठी हट्ट धरू नये. किंमत वाढते तशी ऐकण्याची ताकद वाढत नाही. वाढते ती गोंगाटात बोलणं वेगळं काढायची हुशारी, चॅनेल (म्हणजे सूर किती भागांत वेगवेगळे जुळवता येतात ते), ब्लूटूथ, चार्जिंग. एकाच कंपनीत स्वस्त आणि महाग मॉडेलचा सांगाडा अनेकदा तोच असतो, महागात जास्त सोयी उघडून दिलेल्या असतात. मग प्रश्न एवढाच, की त्या सोयी सासरे वापरणार का? रोज सभा, मीटिंगा, भजनी मंडळ असेल तर मधल्या श्रेणीचा फायदा होतो. घरातली चार माणसं, टीव्ही आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावरच्या गप्पा, एवढंच असेल तर खालच्या श्रेणीचं नीट लावलेलं मशीन पुरतं. पैसे जास्त घालायचेच तर मी चार्जिंगवर घालीन, ब्लूटूथवर नाही. सत्तरीच्या बोटांना तो इवलासा सेल बसवणं जड जातं आणि मग रोज तुम्हाला हाक.

एक कान की दोन? दोन्ही कान सारखे कमी असतील तर दोन्हींना, कारण आवाज कुठून येतोय हे आणि गर्दीतलं बोलणं दोन कानांनीच उलगडतं. लाखाचं एक घेण्यापेक्षा तीस-तीस हजारांची दोन घ्या, असं माझं मत आहे, आणि ते मी धंद्याविरुद्ध जाऊनही सांगते. अपवाद असा, की एका कानाचे शब्दांचे टक्के फारच कमी असतील तर तिथे मशीन बसवून गोंधळच वाढतो. दोन कानांत बराच फरक दिसला तर ईएनटी एमआरआय सांगतील, टाळू नका. बहुधा काही निघत नाही, पण बघायलाच हवं.

चाळीस टक्के सूट विसरा. छापील किमती अशा फुगवलेल्या असतात की सूट सगळीकडेच मिळते. कंपनी, मॉडेलचं पूर्ण नाव आणि वॉरंटीची वर्षं कागदावर लिहून घ्या आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच मॉडेलचा भाव विचारा. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही. कुणी लावला तर बिल नीट बघा. बिलावर सिरीयल नंबर हवा. आणि मुख्य म्हणजे, घेतल्यानंतर सेटिंगसाठी किती वेळा यायचं, त्याचे पैसे किती, हे आधी विचारा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तीन-चारदा तरी यावं लागतं. हडपसरहून दर खेपेला डेक्कन गाठायचं असेल तर तुम्ही दुसऱ्या खेपेनंतर येणार नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. घराजवळचा चांगला माणूस लांबच्या मोठ्या शोरूमपेक्षा बरा.

ट्रायलशिवाय घेऊ नका. दवाखान्याच्या शांत खोलीत कुठलंही मशीन छानच वाटतं. काही अनामत ठेवून चार-आठ दिवस घरी न्यायला मिळतं का ते विचारा. मिळालं तर मंडईत न्या, पीएमपीच्या बसमध्ये बसा, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना बोला. पहिले दिवस ताटांचा आवाज, पंखा, वर्तमानपत्राची फडफड असह्य वाटते, कारण मेंदूला त्या आवाजांची सवयच राहिलेली नसते. सुरुवातीला घरात, एका माणसाशी, रोज दोन-तीन तास. मग हळूहळू वाढवा. पण दुखत असेल किंवा मोठे आवाज टोचत असतील तर 'सवय होईल' म्हणून सोसू नये. ते सेटिंगचं काम आहे. आणि गणपतीत ढोल-ताशाच्या पथकाजवळ जाताना मशीन सरळ काढून खिशातल्या डबीत. त्याच डबीत सिलिकाचे दाणे ठेवा, पावसाळ्यातल्या ओलीने जितकी मशीनं मरतात तितकी पडून मरत नाहीत.

तर तुमच्यापुरतं असं: ईएनटी, मग पूर्ण तपासणी आणि कागद. रेघ सपाट असेल तर वयोश्रीचं मशीन आणि स्वतःचा मोल्ड. उताराची असेल आणि पन्नास-साठ हजार जमत असतील तर खालच्या श्रेणीतली दोन आरआयसी, ट्रायल घेऊन. पैसे जमत नसतील तर उतारालाही भोक पाडलेल्या मोल्डसकट मोफत मशीन लावून बघायला हरकत नाही. ते उत्तम नसेल, पण काहीच न लावण्यापेक्षा बरं.

राहिला मामेसासऱ्यांचा मुद्दा. ते कदाचित अमेरिकेचं ऐकून बोलत असतील: तिथे ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य आणि मध्यम दोष असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय दुकानात मशीन मिळतं. पण त्या मशीनना आवाजाची कमाल मर्यादा आणि बाकीचे नियम घालून दिलेत. इथे दोन हजारांत येतो तो बहुधा नुसता आवाज वाढवणारा डबा. जाडे-बारीक सगळे सूर सारखेच मोठे करतो, त्यामुळे भांडं पडलं की कानठळ्या आणि बोलणं तसंच बोथट. त्यातून कानाला इजाही होऊ शकते. मामांचं मन राखायचं असेल तर त्यांना तपासणीच्या दिवशी सोबत घेऊन या. त्यांच्या वयाचा अंदाज घेता, त्यांचाही पीटीए त्याच खेपेत करून टाकता येईल.